बिनइंजिनाचे अकरा पडाव

आल्डसिलच्या जुन्या धक्क्यावर विब्रेन टेर्प्स्त्राचा शिडाचा पडाव उभा असायचा, आणि समोरच, रस्ता ओलांडला की, त्याचं घर. स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोलकाठी दिसायची. सकाळी उठला की तो आधी डोलकाठीकडे बघायचा, मग बायकोकडे. हिस्केला हा क्रम लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळला होता आणि तिने त्याचं वाईट वाटून घेणं सोडून दिलं होतं. निदान ती तसं सांगायची.

विब्रेन खलाशाच्या घरातला नव्हता. गावाबाहेरच्या दूध डेअरीत त्याने एकतीस वर्षं दुधातलं फॅट मोजलं. नळीत दूध घ्यायचं, त्यात ॲसिड ओतायचं, नळी यंत्रात फिरवायची आणि आकडा वाचायचा. कोणत्या शेतकऱ्याने दुधात पाणी घातलंय हे त्याला आकड्यावरून कळायचं, आणि कळलं की तो चारचौघांत नाव घेऊन सांगायचा. डेअरी बंद पडली, पेन्शन सुरू झाली, पण जगातल्या प्रत्येक गोष्टीत पाणी किती आहे हे शोधायची खोड काही गेली नाही.

पडाव १९०९ सालचा. लोखंडी, सपाट तळाचा, दोन्ही कुशींना लाकडाची एकेक मोठी फळी लटकवलेला. वाऱ्याच्या दिशेप्रमाणे एक फळी पाण्यात सोडायची, म्हणजे पडाव आडवा घसरत नाही. फ्रीसलंड प्रांतात असे शेकडो पडाव एके काळी जळणाचं पीट आणि शेणखत वाहायचे. विब्रेनने हा घेतला तेव्हा त्यात एक म्हातारा तांडेल सात कोंबड्यांसह राहत होता. पडावाचं नाव ‘नूइत खेदाख्त’, म्हणजे ‘कधी वाटलं नव्हतं’. स्वतःचा पडाव होईल असं कधी वाटलं नव्हतं, म्हणून कुणीतरी देवाचे आभार मानून ठेवलेलं नाव. हिस्के म्हणायची की तिच्या लग्नालाही हेच नाव शोभलं असतं.

कोंबड्यांची घाण काढण्यापासून शीड चढवण्यापर्यंत सहा वर्षं लागली. या सहा वर्षांत विब्रेनच्या जोडीला होता बाउके, गावचा सुतार. दोन्ही कुशींच्या फळ्या दोघांनी मिळून तासल्या. एकाने पकडायचं, दुसऱ्याने रंधा मारायचा, आणि दोघांनीही एकमेकांच्या कामाला नावं ठेवायची. पुढे बाउकेनेही स्वतःचा पडाव घेतला, मग आणखी काही जणांनी घेतला, आणि एका हिवाळ्यात चर्चच्या हॉलमध्ये मंडळ स्थापन झालं. अध्यक्ष अर्थातच विब्रेन. नियमावलीही त्यानेच लिहिली. नियम तसे चौदा होते, पण लोकांच्या लक्षात राहिला तो तिसरा: ‘पडावावर इंजिन नसावे. लपवलेले नसावे, काढून ठेवलेले नसावे, तात्पुरतेही नसावे. ज्याच्या पडावावर इंजिन असेल तो त्याच सभेपासून सभासद राहणार नाही.’

हा नियम निव्वळ हौसेचा होता असं नाही. चर्चसमोरचा जुना धक्का नगरपालिकेने बिनइंजिनाच्या पडावांसाठी राखून ठेवला होता. पाहुणे येऊन फोटो काढायचे, हॉटेलवाला खूश, पालिका खूश. जो मंडळातून गेला तो धक्क्यावरूनही गेला.

उन्हाळ्यात ब्रेडेमार तलावावर भाड्याच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या बोटींचा सुळसुळाट होतो. डोक्यावर कॅप्टनची टोपी, हातात बिअर, आणि पुलाच्या खांबाला धडक. विब्रेन त्यांना तरंगते टब म्हणायचा. एकदा एका टबातल्या गृहस्थाने त्याला फार अदबीने विचारलं, “आजोबा, तुमच्याकडे इंजिन नाही म्हणता, मग वारा पडला की काय करता?”

“थांबतो,” विब्रेन म्हणाला. “तुम्हाला न जमणारी गोष्ट आहे ती.”

हे उत्तर गावात फार आवडलं आणि विब्रेनलाही. पुढची कित्येक वर्षं तो लोकांनी तोच प्रश्न पुन्हा विचारावा म्हणून धक्क्यावर रेंगाळायचा.

अकरा वर्षांपूर्वी बाउकेच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी लांब दांडा खांद्याला लावून पडाव ढकलायला साफ मनाई केली. वारा नसला की कालव्यात पडाव दांड्यानेच ढकलायचा असतो. दांडा तळात रोवायचा आणि काठाकाठाने चालत जायचं, बैलासारखं. बाउकेने डिझेल इंजिन बसवलं आणि पुढच्याच सभेत, ‘इतर विषय’ आल्यावर, उभं राहून सांगितलं. काही लपवाछपवी नाही. इंजिन आहे, छाती फाडलेली आहे, तुम्ही काय ते ठरवा, असं म्हणून तो खाली बसला.

विब्रेनने नियम तिसरा मोठ्याने वाचून दाखवला. मग मत घेतलं. अकरा हात वर गेले आणि त्यात पहिला विब्रेनचा होता. त्याला वाटलं, आपण मित्राला सवलत दिली असती तर लोक काय म्हणाले असते? घरी येऊन त्याने हे हिस्केला समजावून सांगितलं. हिस्के म्हणाली, “लोक म्हणाले असते, हा माणूस बरा आहे.” त्यावर तो वर्तमानपत्र वाचू लागला.

बाउकेने आपला पडाव बंद डेअरीच्या मागे, लव्हाळ्यांत नेऊन बांधला. त्यानंतर दोघं बोलले नाहीत. सहाशे वस्तीच्या गावात एखाद्याशी न बोलणं हे मेहनतीचं काम आहे. बेकरीत एक शिरला की दुसऱ्याला पाव आठवेनासा व्हायचा. हिस्केने मात्र या भांडणात भाग घ्यायचं नाकारलं. दर पंधरा दिवसांनी ती सायकलवरून बाउकेला साखरेचा पाव नेऊन द्यायची आणि आल्यावर नवऱ्याला सांगायची, “नेऊन दिला.” तो विचारायचा नाही आणि तिला थांबवायचाही नाही.

काळ सगळ्यांची छाती तपासतो, गुडघेही तपासतो. विब्रेन चौऱ्याहत्तरचा झाला आणि त्याचा डावा गुडघा दांड्याच्या दर फेरीला कुरकुर करू लागला. त्याच हिवाळ्यात हिस्केचा खुबा बदलला. वसंतातल्या पहिल्या सफरीला कालव्यात वारा पडला, विब्रेनने चार फेऱ्या मारल्या आणि तो तोंड वासून फळीवर बसला.

हिस्के म्हणाली, “जुन्या काळी तांडेलाच्या बायका गळ्यात पट्टा अडकवून काठावरून पडाव ओढायच्या. ती परंपरा पाळायची असेल तर सांग. खुबा नवीनच आहे, एकदा वापरून बघू.”

“चेष्टा करू नको.”

“चेष्टा नाही. एक तर मोटर बसव, नाहीतर यापुढे एकटा जा. मला पाण्यावर यायचंय, विब्रेन. थडग्यात जायच्या आधी अजून काही उन्हाळे यायचंय. पण थंडीत कुडकुडत वाऱ्याची आराधना करायला नाही.”

मग विब्रेनने धक्क्यावर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं की तळाला डांबर लावायला पडाव तालुक्याच्या यार्डात नेतोय. कुणालाच नवल वाटलं नाही. गेल्या काही वर्षांत आल्डसिलच्या पडावांचे तळ जरा जास्तच वेळा डांबरले जात होते.

यार्डातला योरित हा तरुण इलेक्ट्रिशियन बाउकेचा भाचा निघाला, पण त्याला इलाज नव्हता. दुसरा कुणी या कामातला नव्हता. विब्रेनने घसा खाकरून सांगितलं की मोटर विजेची हवी, आवाज नको, दिसायला नको, आणि कुठे बोलायचं नाही.

“बरं, काका,” योरित म्हणाला. मागच्या केबिनमधल्या बाकाखाली बरोबर बसणारी लाकडी पेटी त्याने माप न घेताच आणून बसवली. विब्रेनला त्याच्या नजरेचं फार कौतुक वाटलं. बटण म्हणून खिशात मावेल एवढा रिमोट होता. कुणी विचारलंच तर कानाच्या मशीनचा आहे असं सांगायचं ठरलं.

तो उन्हाळा विब्रेनच्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा गेला. शीड वर, हिस्के बाकावर विणकाम घेऊन, आणि वारा जरा मंदावला की खिशात हात. लोक धक्क्यावरून म्हणायचे, “अध्यक्षांना वारा बरोबर सापडतो.” चिब्बे नावाचा एक सभासद, चीजचं दुकान चालवणारा, गोल आणि गोडबोल्या, तो तर एकदा म्हणाला, “विब्रेन, तुझं आणि वाऱ्याचं काहीतरी नातं आहे बघ.” ऑगस्टपर्यंत विब्रेनलाही ते खरं वाटू लागलं होतं. पाण्याच्या रंगावरून वारा कसा ओळखावा यावर त्याने वाचनालयात भाषण दिलं. हिस्के पहिल्या रांगेत बसली होती आणि संपूर्ण भाषणभर रुमालात खोकत होती.

सप्टेंबरात मंडळाची वार्षिक सफर असते. सकाळी निघायचं, तलाव ओलांडून पलीकडच्या गावात जायचं, धुरावलेला ईल मासा आणि काळा पाव खायचा, छोटे छोटे ग्लास रिकामे करायचे आणि दुपारी परतायचं. चारपर्यंत घरी. जाताना झकास वारा होता. परतताना, तलावाच्या अगदी मध्यावर, दोनच्या सुमाराला तो पडला. असा पडला की शिडं ओल्या चादरींसारखी लोंबू लागली आणि अकरा पडाव एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर जागच्या जागी उभे राहिले. मध्यावर पाणी इतकं खोल होतं की दांडा तळाला पोचत नव्हता.

“अध्यक्ष, येईल का वारा?” चिब्बेने हाक मारली.

“येईल. पश्चिमेकडून. अर्ध्या तासात.”

अर्ध्या तासाने चिब्बेने तेच विचारलं आणि विब्रेनने तेच सांगितलं. तीन वाजले, चार वाजले. थर्मासमधली कॉफी संपली. मंडळाची सेक्रेटरी आल्त्ये, पूर्वी पोस्टात होती ती, पडावाच्या टोकाला उभी राहून पाण्याकडे इतक्या श्रद्धेने बघत होती की जणू तिथून पत्र यायचं होतं. भाड्याचा एक तरंगता टब जवळून गेला. त्यातल्या बाईने विचारलं, दोर टाकू का? अकरा पडावांवरून अकरा जणांनी टोप्या काढून आभार मानले आणि नको म्हटलं.

पाच वाजता ऊन गेलं आणि पाण्यावरून गारवा उठला. हिस्केने पाय लांब केला, आखडला, पुन्हा लांब केला.

“बटण दाब,” ती हळूच म्हणाली.

“सगळे बघतायत.”

“मीही बघतेय.”

“तू घरची आहेस.”

हे तो सहज बोलून गेला. बोलल्यावर त्याला वाटलंही की हे वेगळ्या शब्दांत बोलायला हवं होतं, पण स्थिर पाण्यावर शब्द परत घेता येत नाहीत, ते पलीकडच्या पडावापर्यंत पोचतात. हिस्केने विणकाम गुंडाळून पिशवीत टाकलं. पिशवीतून फोन काढला आणि एक नंबर लावला.

“बाउके? हिस्के बोलतेय. तलावावर आहे. मला घ्यायला येतोस?... नाही, फक्त मला.”

वीस मिनिटांनी डिझेलचा टकटक आवाज आला, आधी लांबून, मग सगळ्या तलावभर. बाउकेचा पडाव शीड गुंडाळलेला, सरळ रेषेत आला आणि ‘नूइत खेदाख्त’ला कुशीला कुशी लावून थांबला. बाउके म्हातारा झाला होता. विब्रेनने त्याला इतक्या जवळून अकरा वर्षांत पाहिलंच नव्हतं.

“चांगला पाय आधी,” बाउके हिस्केला म्हणाला. “तो नाही, दुसरा. हं. माझ्या खांद्यावर हात ठेव.”

ती पलीकडे गेली. बाउकेने तिच्या अंगावर ब्लँकेट टाकलं. मग तो सरळ उभा राहिला आणि भोवतालच्या दहाही पडावांवरून नजर फिरवली.

“आणखी कुणाला दोर हवाय?”

चिब्बे आपल्या शिडाची एक गाठ फार काळजीपूर्वक तपासत होता.

“बरं,” बाउके म्हणाला आणि निघून गेला. विब्रेनकडे त्याने एकदाही पाहिलं नाही.

विब्रेन सुकाणू धरून उभा होता. बाकावर जिथे हिस्के बसली होती तिथली उशी अजून दबलेली होती. त्याला लाज वाटली. साधीसुधी नाही, कान तापवणारी लाज. आयुष्यभर त्याने लोकांच्या दुधातलं पाणी मोजलं आणि आता त्याची बायको भर तलावात, सगळ्यांदेखत, दुसऱ्याच्या पडावावर चढून गेली होती, कारण खिशातलं बटण दाबायची त्याची छाती नव्हती. त्याने खिशात हात घातला आणि बटण दाबलं.

पडाव हलला. विब्रेन नाकासमोर बघत राहिला. आता कुणीतरी ओरडेल, निदान हसेल, असं त्याला वाटलं. पण कुणी हसलं नाही. मागून बारीक गुणगुण ऐकू आली, माशीसारखी. मग दुसरी. त्याने मान वळवली. चिब्बेचा पडाव शीड लोंबकळत त्याच्या मागे येत होता. त्याच्या मागे आल्त्येचा. तिच्या मागे बाकीचे सगळे, एका रांगेत, वाऱ्याचा पत्ता नसताना, छान वेगाने. प्रत्येक जण सुकाणू धरून शिडाच्या टोकाकडे असा बघत होता की जणू शीड फुगलेलं आहे.

“सुटला बाबा एकदाचा,” चिब्बे मोठ्याने म्हणाला.

“पश्चिमेकडूनच,” आल्त्ये म्हणाली. “अध्यक्ष म्हणालेच होते.”

पहिला अर्धा किलोमीटर विब्रेनला इतकं हलकं वाटलं की त्याला गावंसं वाटलं. आपण एकटे नाही. सगळेच चोर आहेत. मग त्याच्यातला फॅट मोजणारा जागा झाला आणि हिशेब मांडू लागला. दहा मोटरी. दहा जण गप्प. गावात सहाशे माणसं, सगळ्यांना माहीत. आणि या सगळ्यांत खरं बोललेला माणूस एकच, त्याला आपण लव्हाळ्यांत पाठवला. पुढचे चार किलोमीटर त्याला गावंसं वाटलं नाही.

धक्क्याला पडाव बांधून तो सायकलने डेअरीमागे गेला. बाउकेच्या केबिनमध्ये शेगडी पेटलेली होती. हिस्के आणि बाउके वाटाण्याचं सूप खात बसले होते. विब्रेन दारात वाकून उभा राहिला. आत बोलावल्याशिवाय शिरावं असं त्याला वाटेना आणि कुणी बोलावलं नाही.

“वारा मिळाला वाटतं,” बाउके म्हणाला. अकरा वर्षांतलं पहिलं वाक्य.

“नाही,” विब्रेन म्हणाला. “मोटर आहे माझ्याकडे. एप्रिलपासून.”

“माहीत आहे. योरितने बसवली. सगळ्यांच्या त्यानेच बसवल्या.”

“सगळ्यांच्या आहेत हे मला आज कळलं.”

“सगळ्यांना आधीच माहीत होतं. तुला घाबरून सांगत नव्हते.” बाउकेने पाव मोडून सुपात बुडवला. “आणि हे मला कशाला सांगतोस? मी मंडळात नाही. जिथे सांगायचं तिथे सांग.”

हिस्केने सरकून बाकावर जागा केली, पण विब्रेनला ती आपल्यासाठी केली की पाय लांब करायला, हे ठरवता आलं नाही. म्हणून तो उभाच राहिला.

ऑक्टोबरच्या पहिल्या मंगळवारी सभा होती. विब्रेनने तीन आठवडे तयारी केली. त्याचा बेत सोपा होता. ‘इतर विषय’मध्ये आपण उठायचं, सांगायचं. मग चिब्बे सांगेल, आल्त्ये सांगेल, एकेक करून सगळेच सांगतील. नियम तिसरा रद्द होईल. मग बाउकेला परत घ्यायचा ठराव मांडायचा, एकमताने मंजूर करायचा आणि दुसऱ्याच दिवशी त्याचा पडाव धक्क्यावर आणायचा. त्याने हे हिस्केला सांगितलं. ती म्हणाली, “जा. सांगून ये.”

कॉफी झाली, कॉफीबरोबरचं एकेक बिस्किट झालं, डबा बंद झाला. मागच्या सभेचं इतिवृत्त मंजूर झालं. सफर यशस्वी झाल्याची नोंद झाली. वारा ‘दुपारनंतर मंद, पण पुरेसा’ असं आल्त्येने लिहून आणलं होतं. मग इतर विषय. विब्रेन उभा राहिला.

“माझ्या पडावावर मोटर आहे,” तो म्हणाला. “एप्रिलपासून. उन्हाळाभर मी तुम्हाला वाऱ्याच्या थापा मारल्या. बाउकेला आपण काढलं ते चुकलं, आणि ते मी केलं. आता बाकीच्यांनी आपापलं सांगावं, म्हणजे मोकळं होता येईल.”

कुणीच काही सांगितलं नाही. आल्त्येचं पेन कागदावर टेकलेलं होतं आणि ते हलत नव्हतं. मग चिब्बेने खुर्ची मागे सरकवली.

“विब्रेन,” तो म्हणाला, आणि त्याचे डोळे खरोखर पाणावले होते, “आम्हा सगळ्यांना फार धक्का बसलाय.”

“चिब्बे, तू माझ्या मागेच होतास.”

“मी वाऱ्याने आलो,” चिब्बे म्हणाला. “हे बघ, तुझ्याबद्दल आम्हाला आदर आहे. पण इंजिनं चालतात म्हटलं तर आपण कोण? साधा मोटरबोट क्लब. उद्या पालिका धक्का काढून घेईल. तूच आम्हाला शिकवलंस की मित्रासाठी नियम वाकवला की तो नियम राहत नाही. बाउकेच्या वेळी तुझेच शब्द होते हे. आल्त्ये, आहेत ना इतिवृत्तात?”

“आहेत,” आल्त्ये हळूच म्हणाली. “अक्षर न् अक्षर.”

नियम तिसरा वाचला गेला. तो ‘त्याच सभेपासून’ लागू होत असल्यामुळे विब्रेनला अध्यक्षाची खुर्ची तिथल्या तिथे सोडावी लागली आणि उरलेली सभा चिब्बेने चालवली. मत घेतलं. हात वर गेले. विब्रेन भिंतीकडच्या खुर्चीवर बसून ते बघत होता. त्यानंतर मावळत्या अध्यक्षांच्या तीस वर्षांच्या सेवेबद्दल आभाराचा ठराव झाला, तोही एकमताने. फुलांचा गुच्छ दिला. गुच्छ आधीच आणलेला होता, म्हणजे हे सगळं त्यांना अपेक्षित होतं, हे घरी गेल्यावर विब्रेनच्या लक्षात आलं.

बाहेर सायकल काढताना चिब्बे मागून आला. इकडेतिकडे बघून त्याने आवाज खाली केला. “राग धरू नको रे. आणि एक विचारू? तुझी बॅटरी एका चार्जमध्ये किती तास जाते? माझी तीनच.”

“पाच,” विब्रेन म्हणाला. काय करणार, विचारलं की खरा आकडा सांगायची त्याला सवय होती.

हिस्केने फुलं पाण्यात ठेवली. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “तीस वर्षांत मंडळाने दोनच माणसं काढली. दोघांनी तोंड उघडलं म्हणून.” आणि तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. असं तिने बऱ्याच दिवसांत केलं नव्हतं.

शनिवारी सकाळी विब्रेनने ‘नूइत खेदाख्त’ धक्क्यावरून सोडला. वारा चांगला होता, तरी त्याने शीड चढवलं नाही. मोटर उघड उघड सुरू केली आणि धक्क्यावरच्या दहा पडावांसमोरून हळूहळू पुढे गेला. पडावांवर कुणी दिसलं नाही, फक्त केबिनचे पडदे हलले. हिस्के बाकावर बसली होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून यापुढे काय बघणार, असं त्याने विचारलं तेव्हा ती म्हणाली, “तू मला बघ. सवय होईल.”

डेअरीमागे बाउके काठावर उभा होता. त्याने बांधायला एक जागा साफ करून ठेवली होती. कापलेली लव्हाळी बाजूला रचलेली होती. विब्रेनने दोर फेकला. बाउकेने तो झेलला, खुंट्याला दोन वेढे दिले आणि तिथेच वाकून राहिला.

“किती हात वर झाले?” त्याने विचारलं.

“दहा.”

“म्हणजे सगळेच.”

“सगळेच.”

बाउकेने दोर ओढून पाहिला. “माझ्या वेळीही सगळेच होते,” तो म्हणाला. “मी तुझ्याच हाताकडे बघत होतो. मला वाटलं होतं, तो एक खाली राहील.”

विब्रेन पडावावरच उभा होता. मंगळवारी भिंतीजवळच्या खुर्चीवरून त्याने दहाही हात एकेक करून पाहिले होते. चिब्बेचा पाहिला होता. मग आल्त्येचा, कारण तो उशिरा वर गेला होता, आणि तोवर तो फक्त तिच्याकडेच बघत राहिला होता.

“चुकलं माझं, बाउके,” तो म्हणाला. “मलाही मंगळवारी तसंच वाटलं होतं.”